चौऱ्याऐंशी ठिकाणांचं पाणी

नऊ, आठ, सात, पाच, चार, तीन, दोन. दोन, सतरा, चार, पाच, सात, आठ, नऊ.

⁂

शिंगाड्याची वेल हाताने लावत नाहीत. वेलीची गाठ पायाच्या अंगठ्यात धरायची आणि चिखलात रुतवायची. त्या क्षणी बाईचा सगळा भार एका पायावर असतो.

⁂

आंबेबोडीच्या मच्छीमार सोसायटीत घरं बारा. मासोळीचे वाटे बारा, हजेरीच्या वहीत एका ओळीत रकाने बारा. लग्नात पंगत बसली तरी ओळ बाराचीच धरतात.

⁂

"उतरान तं बुडान."
हे लटारू बोलला. पाळीवर, तलावाच्या बांधावर, भर दुपारी, अकरा बायांसमोर.

⁂

नकाशावर तिरपे पट्टे दिसत आहेत. नितळ करून पुन्हा सादर करावा.

⁂

पाळीवर एक चप्पल जोड, शेजारी डब्यात दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा. डबा उघडलेला नव्हता.

पहिली ओळ, जाताना

गोकुळा बुडाली त्याला आज पाच दिवस झाले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी नऊला, तीन फूट पाण्यात वेल लावता लावता तिने एक पाऊल पुढे टाकलं आणि ती दिसेनाशी झाली. बाकीच्या बायांना वाटलं, खाली वाकली असेल.

मयुरी चंद्रपूरहून आली ती तळी-पुनर्भरण योजनेची तांत्रिक अधिकारी म्हणून. तलावाच्या खोलीचा नकाशा योजनेने मंजूर केला होता आणि त्या नकाशावर गोकुळा बुडाली ती जागा साडेतीन फूट होती. पोलिसांनी तिथे दोरी सोडली तर सतरा फूट. नकाशा खोटा कुणी केला, एवढंच तिला शोधायचं होतं.

"शोधाचं काय त्यात?" सोसायटीचे अध्यक्ष खुशालभाऊ पान लावता लावता म्हणाले. "आकडे सांगनारा एकच मानूस. लटारू. त्यानं खोटं सांगतलं."

"का सांगेल?"

"वेली जाळ्यात अटकते म्हनून. बायायनं शिंगाडा लावूच नये, हेच त्याचं तुनतुनं. 'उतरान तं बुडान' म्हनला, आमच्या सगळ्यायच्या तोंडावर. शनवारी बैठक हाय. तुमचा कागद आला का त्याचं नाव काटतो आमी. मंग ठानेदार साहेब हाय आन् तो हाय."

नाव काटणं म्हणजे काय, हे मयुरीला विचारावं लागलं नाही. पासष्ट वर्षांच्या ज्या माणसाने जन्मभर या एका तलावात जाळं टाकलं, त्याने उद्यापासून पाळीवर पायही ठेवायचा नाही. आणि हे सगळं तिच्या दोन पानांवर ठरणार होतं.

"पण गावाला तलाव माहीत नव्हता का?" तिने विचारलं. "नकाशा कशाला लागला?"

खुशालभाऊंनी पान गालात सरकवलं. "मे महिन्यात यंत्र आलं, गाळ काढून गेलं. जिथी मुरूम भेटला तिथी कोरलं. खड्डे तं सगळ्यायनं पाह्यले, मॅडम. पन पानी भरल्यावर कोनता खड्डा कुठी, हे कोन सांगन? पान्याले का कोपरे असते? म्हनून मोजनी केली. नकाशा म्हंजे आमच्या पान्याचा सातबारा!"

ते हसले. मयुरी हसली नाही. तिने वही मागितली, मोजणीची.

"ते चंचलपाशी हाय," खुशालभाऊ म्हणाले. आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला. "पोलिसायनं मांगतली तं देल्ली नाई तिनं."

दुसरी ओळ, येताना

चंचल ही महिला गटाची सचिव. बारावी झालेली, त्यामुळे गावातलं लिहिणं सगळं तिच्याकडे. डोंग्यात, छोट्या होडीत, लटारू बांबू टाकून आकडा ओरडायचा आणि चंचल लिहायची. वही तिने तांदळाच्या डब्यातून काढली.

"पोलिसांना का नाही दिली?"

"फाडून टाकतीन म्हनून. माह्यं अक्षर हाय ते."

नागपंचमीच्या आठवड्यातली मोजणी. तेव्हाही तलाव सांडव्यापर्यंत भरलेला, आजही तितकाच. पाळीवर बारा खुंट, समोरच्या काठावर बारा खुंट. समोरासमोरच्या खुंटांना दोर बांधायचा, दोराला सात गाठी, प्रत्येक गाठीला बांबू टाकायचा. एक दोर संपला की पुढच्या खुंटाला. बारा दोर, सात गाठी, चौऱ्याऐंशी आकडे. वहीत ते एकापुढे एक, न थांबता लिहिले होते. कुठे ओळ मोडली असेल तर ती फक्त पान संपलं म्हणून.

मयुरीने बोट फिरवत आकडे वाचले. तेविसाव्या आकड्यावर बोट थांबलं.

"सतरा?"

"हो जी. आयकला मी. लिवला बी."

"गोकुळाताईंना सांगितलं नाहीस?"

चंचलने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "सांगतली ना. म्हटलं बाई, एका जागी सतरा होता. कुठी ते मले याद नाई. मंग आमी दोघीयनं नकाशा पाह्यला. सतरा तं कुठीच नाई त्याच्यात. गोकुळाबाई म्हने, तूच चुकली असशीन, कम्प्युटर थोडी चुकते."  मग म्हणाली, "मले बी तसंच वाटलं."

मयुरीने पिशवीतून नकाशा काढला. फिका निळा, गडद निळा, सगळीकडे मऊ, एकात एक विरघळलेला. सर्वांत खोल जागी आकडा होता नऊ.

मोजलेल्या दोन जागांच्या मधलं पाणी संगणक अंदाजाने भरतो, शेजारचे आकडे बघून. त्यात चूक होऊ शकते. पण जिथे बांबू टाकला, तिथे तरी बांबूचाच आकडा यायला हवा. वहीत सतरा होता, नकाशात नव्हता. म्हणजे लटारूने सांगितलेला आकडा वहीपर्यंत धड पोचला होता आणि वही ते नकाशा या वाटेत कुणीतरी तो बुडवला होता.

तिसरी ओळ, जाताना

लटारू दारात जाळं विणत बसला होता. मयुरीने नमस्कार केला, त्याने सुई थांबवली नाही.

"लटारूभाऊ, सतरा तुम्ही सांगितला होता?"

"वहीत हाय ना?"

"आहे."

"मंग माह्या तोंडानं काऊन आयकाचा?"

"कुठे होता तो खड्डा?"

"आता ठाऊक हाय ना सगळ्यायले, कुठी होता ते." सुई आत गेली, बाहेर आली. "मी सांगतलो तवा मले म्हने, म्हातारा जाळ्यासाठी रडून राह्यला."

"तुम्ही 'उतराल तर बुडाल' म्हणालात. धमकीच वाटेल ती कुणालाही."

आता सुई थांबली. "मॅडम, तुमच्या पोराले इस्तवाजोळ जाताना पाह्यलं तं काय म्हनता तुमी? 'कृपया जाऊ नको बापा'? का 'जळशीन' म्हनता?"

मयुरीने वही पिशवीत ठेवली.

"नकाशा कोणी काढला?" तिने विचारलं.

"पोंभुर्ण्याचा आदेश. माह्या साडूचा नातू." लटारूने दाताने सूत तोडलं. "आता तुमी म्हनान, मीच त्याले सांगून खोटा काढाले लावलो. म्हना. खुशाल तं म्हनूनच राह्यला."

चौथी ओळ, येताना

पोंभुर्ण्याच्या बसथांब्यासमोर आदेशचं सेवा केंद्र. रेशनचे फॉर्म, पीकविमा, फोटो, आणि भिंतीवर हाताने लिहिलेली पाटी: 'नकाशे काढून मिळतील'. मयुरीने आपण कोण ते सांगताच त्याने गिऱ्हाइकं बाहेर काढली आणि शटर अर्धं खाली ओढलं.

"मले माहीत होतं, कोनी ना कोनी येनार," तो म्हणाला. "लटारू आजा सुटन ना?"

"आकडे कसे भरलेस ते दाखव."

त्याने दाखवलं. पडद्यावर तक्ता होता, एका ओळीत बारा घरं, अशा सात ओळी.

"ओळ बाराची का?"

"मॅडम, सोसायटीचं सगळं बाराचंच असते. हजेरी, वाटे, सगळं मीच टाईप करतो. वही आली, मी बारा-बारा पाडलो. तलाव बी आडवा लांब हाय. कम्प्युटर विचारते, आडवे किती? बारा. उभे किती? सात. आकडे चौऱ्याऐंशी. बरोबर बसले, एक कमी नाई, एक जास्त नाई."

बसणारच. सात बारा वेळा घ्या की बारा सात वेळा, होतात चौऱ्याऐंशीच. एखादा आकडा उरला असता, एखादं घर रिकामं राहिलं असतं, तर यंत्रही बोंबललं असतं. पण इथे सगळं भरलं होतं, नकाशाचा आकारही तलावासारखाच आला होता. फक्त पाणी दुसऱ्याच ठिकाणी गेलं होतं.

"दोर पाळीकडून काठाकडे होता, आदेश. एका दोरात सात गाठी. पहिले सात आकडे पहिल्या दोराचे, उभे. तू बारा आडवे घातलेस."

आदेशने पडद्यावर बोट फिरवत पहिले सात आकडे मोजले. "म्हनूनच," तो हळूच म्हणाला.

"म्हणूनच काय?"

"पहिला नकाशा वाकडा आल्ता. तिरपे पट्टे. चटईच्या विनीवानी. अन् मधात एक काळा ठिपका, सतराचा, पाळीजोळ. मी तसाच पाठवलो वर. मले वाटलं, वरचे साहेब पाहातीन. तो वापस आला. शेरा होता, नितळ करा. मंग मी ते आकडे घासून सपाट कराचं बटन वाढवलो. पट्टे गेले. ठिपका बी गेला."

"तो शेरा कुठे आहे?"

त्याने खणातून एक कागद काढला, दुमडलेला. उलगडून तिच्यासमोर धरला. मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे. कागद त्याने टेबलावर उपडा ठेवला.

"मले वाटलं तुमाले माहीत हाय," तो म्हणाला.

पाचवी ओळ, जाताना

सही तिची होती.

तो दिवस तिला आठवेना. श्रावणातली एक दुपार, टेबलावर एकतीस नकाशे, शिंगाड्याची लावण सुरू व्हायच्या आत सगळे मंजूर करायचे होते. त्यात काहींवर तिरपे पट्टे दिसत होते, बांबू नीट न धरल्यासारखे. तिने त्या सगळ्यांवर एकच शेरा मारला, एकच सही केली. आंबेबोडी हे नाव तिने तेव्हा वाचलं होतं की नाही, कोण जाणे.

त्या पट्ट्यांतून नकाशा ओरडत होता. 'माझे आकडे चुकीच्या घरात आहेत,' असं तो ज्या एका भाषेत सांगू शकत होता, त्या भाषेत सांगत होता. आणि तिने त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता.

पाळीवरच्या पहिल्या खुंटाशी बसून तिने वहीचं पान उघडलं. आता निदान खड्डा त्याच्या जागी नेऊन ठेवायचा होता, कारण त्याशिवाय लटारू सुटत नव्हता. तिने कागदावर बारा उभे रकाने आखले, प्रत्येकात सात घरं. पाळीकडून काठाकडे सात-सात आकडे भरत गेली. पहिला रकाना छान उतरला: पाळीशी नऊ, काठाशी दोन, जसा तलाव असतो तसा. तेविसावा आकडा चौथ्या रकान्यात पडला. गोकुळा सापडली होती ती चौथ्या खुंटासमोरच.

पण सतरा आला होता पाळीपासून दुसऱ्या घरात. गोकुळा सापडली सहाव्या गाठीशी, पार पलीकडे.

"पाह्यलं?" मागून खुशालभाऊ म्हणाले. ते कधी येऊन उभे राहिले, तिला कळलं नव्हतं. कागद त्यांनी नीट बघितला. माणूस हुशार होता. "लाइन बरोबर, जागा खोटी. खड्डा तिकडं, सांगतला इकडं. म्हंजे मी म्हनलो तेच ना, मॅडम?"

सहावी ओळ, येताना

उद्या शनिवार. मयुरी कागद घेऊन लटारूच्या दारात गेली आणि म्हणाली, "मला डोंग्यात घ्या. मोजणी केलीत तशीच्या तशी करून दाखवा. पहिल्या खुंटापासून."

"आता काय फायदा?"

"माझ्यासाठी करा. या नकाशावर सही माझी आहे."

लटारूने तिच्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. मग बांबू उचलला.

दोर नव्हता, पण खुंट होते. पाळीकडून डोंगा निघाला. पहिल्या गाठीच्या जागी लटारूने बांबू टाकला, "नऊ." मग आठ. मग सात. पाणी हिरवट होतं, खाली काहीच दिसत नव्हतं. सातव्या गाठीला दोन. काठ आला.

मयुरीला वाटलं, आता डोंगा वळून परत पाळीकडे जाईल आणि दुसऱ्या खुंटापासून पुन्हा सुरुवात होईल. ती कागदावर तेच धरून बसली होती. लटारूने डोंगा काठाकाठाने पुढच्या खुंटापर्यंत ढकलला, तोंड पाळीकडे केलं आणि तिथेच बांबू टाकला.

"दोन."

"थांबा. इथून सुरुवात?"

"मंग कुठून?"

"पाळीपासून. पहिल्यासारखी."

लटारूला हे इतकं विचित्र वाटलं की तो चक्क हसला. "रिकामा डोंगा वापस कोन आनते बाई? नांगर बी धुऱ्यावर गेला का उचलून वापस आनता का तुमी? जाताना नांगराचा एक तास पडते, येताना दुसरा."

मयुरीने कागद मांडीवर घेतला. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा, बारावा. प्रत्येक सम रकाना तिने खालून वर लिहिला.   चौथा रकाना: काठाशी दोन. मग सतरा. काठाकडून दुसरं घर.

पाळीकडून मोजलं तर सहावं.

बाकीचे रकानेही शेजारच्यांशी जुळले. पाळीशी आठ-नऊ, काठाशी दोन-तीन, बारापैकी बारा. आता घासण्यासारखं कुठेच काही उरलं नव्हतं. एवढ्या मोठ्या शांत उतारावर एकच काळं घर होतं.

सातवी ओळ, जाताना

बैठक शाळेच्या वऱ्हांड्यात. बारा घरं बारा जागांवर, महिला गट भिंतीशी. मयुरीने मोठा कागद खांबाला टांगला, त्यावर तीन तक्ते आखले आणि जाड पेनने आकडे भरत गेली, आधी आदेशसारखे, मग सात-सात, मग नांगरासारखे. तिसऱ्या वेळी सतरा आपल्या जागी जाऊन बसला. मागून एक म्हातारा फक्त "हौ" म्हणाला, आपलंच शेत ओळखावं तसा.

"लटारूभाऊंनी खरा आकडा खऱ्या जागी सांगितला," ती म्हणाली. "चंचलने खरा लिहिला. ओळ कशी पाडायची हे वहीत कुणीच लिहिलं नव्हतं, म्हणून आदेशने ती तुमच्या सवयीने पाडली. पण त्याच्या पहिल्या नकाशावर चूक दिसत होती. सतराही दिसत होता, भलत्या जागी का होईना. तो बघून कुणीही विचारलं असतं की हा खड्डा कुठला, आणि लटारूभाऊंनी सांगितलं असतं. तो पुसायला लावला तो योजनेच्या अधिकाऱ्याने. मी. अहवालात तसंच लिहिलंय. ठाणेदारांना त्याची प्रत सकाळीच दिली आहे."

खुशालभाऊंनी घसा साफ केला. "म्हंजे लटारूचं नाव..."

"काटायचं कारण नाही."

"नाई काटत मंग," कुणीतरी म्हणालं. तसं ते ठरलं.

भिंतीशी गुणाबाई उठल्या, गोकुळाच्या सासू. सरळ मयुरीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "सही कराच्या आंधी तुमी इथी आल्त्या का, बाई?"

"नाही."

"एक बार बी?"

"नाही."

गुणाबाईंनी मान हलवली, जणू बाजारात भाव कळला आणि तो परवडत नाही. मग त्या लटारूकडे वळल्या. "अन् तू? सतरा हाय हे ठाऊक होतं तं नीट सांगाले काय झाल्तं तुले? माह्या सुनेचा हात धरून न्याचा होता त्या जागी. 'बुडान' म्हनून पाठ फिरवून गेला."

लटारू उठून उभा राहिला. आपण निर्दोष सुटलो हे सगळ्यांच्या आधी त्याच्या ध्यानात आलं असेल, पण त्याचा चेहरा तसा दिसत नव्हता.

"राग आल्ता, बाई," तो म्हणाला. "मले म्हातारा म्हनल्या म्हनून."

कागद वाऱ्याने फडफडत राहिला. कुणी तो उतरवला नाही.

मोजणीच्या दिवशी लटारूजवळचा बांबू पंधरा फुटांचा होता. चौथ्या ओळीत तो तळाला टेकेना, तेव्हा डोंग्यात पालथं पडून त्याने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि उरलेले दोन फूट हाताने मोजले.